आधी आतलं काढ

आमच्या आतोबांइतका गळतीचा धसका घेतलेला माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा नसेल, आणि गुजरातची हद्द ओलांडून शोधायला गेलात तरी सापडेल असं मला वाटत नाही. माणसं सापाला भितात, अंधाराला भितात, परीक्षेला भितात. आतोबा वायसरला भीत. नळ असो, शेगडी असो, सायकलचा पंप असो, त्यातला वायसर आज ना उद्या दगा देणार याबद्दल त्यांची खात्री होती. शर्टाच्या वरच्या खिशात चष्मा आणि खालच्या खिशात साबणाच्या पाण्याची चपटी बाटली नि दाढीचा जुना ब्रश घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. कुठेही दोन नळ्या एकत्र आलेल्या दिसल्या की बाटली निघायची, ब्रश बुडायचा, जोडावर फेस चढायचा आणि आतोबा गुडघ्यांवर हात टेकून वाकून बघत राहायचे, फुगा येतो का ते. चुलतबहिणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या आणि हे मांडवामागे जेवणाच्या सिलिंडरला फेस लावत होते. आचारी म्हणाला, "काका, दाढी करताय का त्याची?" आतोबा मान वर न करता म्हणाले, "याची आत्ता केली नाही तर तुझी जळेल." आणि फुगा आला. आचाऱ्याने पुढचं सगळं लग्न त्यांना पहिल्या पंगतीत बसवून जिलेबी वाढली.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. डहाणूहून घोलवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राच्या अंगाला, दहाबारा चिकूची झाडं आणि कौलारू घर एवढा त्यांचा पसारा. मी भूतकाळात लिहितोय म्हणून गैरसमज नको, आतोबा आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. फक्त ती बाटली आता खिशात नाही. ती का नाही, हे मला सांगायचं आहे, आणि ते माझ्याखेरीज दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

मॅट्रिक झाल्यावर आतोबा मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या कार्यशाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथे नळ्या जोडत राहिले. नळ्या जोडणं म्हटलं की प्लंबर डोळ्यांसमोर येतो. आतोबांच्या नळ्यांतून हायड्रोजन जात असे. सूर्यात जे चाललेलं असतं ते माणसाने आपल्या भांड्यात चालवायचं, म्हणजे फ्यूजन, यासाठी जगभर जी खटपट चालू आहे तिचा एक कोपरा त्या संस्थेत होता, आणि त्या कोपऱ्याचा एक कोपरा आतोबांच्या टेबलावर. फ्यूजनचं इंधन हायड्रोजनच्या कुटुंबातलं. तीन भाऊ, चेहरा एकच, वजन निराळं. धाकटा हलका, तो पाण्यात सगळीकडे आहे पण या कामाचा नाही. मधला समुद्रात हवा तेवढा. सगळ्यात जड तो थोरला, त्याचीच पंचाईत. तो जगात नावापुरता आहे, सुटला तर माणसाच्या अंगाला घातक, आणि नीट बंद करून ठेवला तरी बारा-साडेबारा वर्षांत निम्मा आपोआप नाहीसा होतो. मी आज हेच वर्गात फळ्यावर समस्थानिक वगैरे शब्द लिहून शिकवतो. पण मला ते पहिल्यांदा कळलं डहाणूच्या किनाऱ्यावर, आतोबा भरतीकडे बोट दाखवून "मधला बघ किती पडलाय" असं म्हणाले तेव्हा.

या इंधनाची गंमत अशी की यंत्रात जेवढं सोडतात त्यातलं अगदी थोडं जळतं. बाकीचं तसंच, न जळता, राखेत आणि कचऱ्यात मिसळून बाहेर पडतं. ते गोळा करायचं, त्यातली घाण काढायची, भाऊ वेगवेगळे करायचे आणि परत आत सोडायचे. आतोबांचं सगळं आयुष्य या बाहेर पडलेल्या वायूच्या मागे गेलं. हे ते कुणालाही समजावून सांगत. आमच्या दारावर बोंबील घेऊन येणारी बाई टोपली उतरवून पाणी प्यायला बसली की आतोबा खुर्ची ओढून समोर बसत.

"ऐक बाय. शंभर बोंबील घेऊन तू बाजारात बसलीस. दोन विकले गेले."

"दोनच? मग बसू कशाला, भाऊ?"

"ऐक तर. अठ्ठ्याण्णव उरले. त्यांच्यात माती बसली, कचरा बसला. फेकशील?"

"फेकीन कशाला? सुकवीन."

"नाही, धुवायचे. निवडायचे. परत टोपलीत भरायचे नि परत बाजारात. परत दोनच विकले जाणार."

"आणि असं किती दिवस?"

"यंत्र चालेल तितके दिवस."

बाई पदराने तोंड पुसून म्हणाली, "भाऊ, एवढं शिकलेले लोक तुम्ही. सरळ सुकटीचा धंदा का नाही करत?"

आतोबा यावर दोन दिवस हसत होते. पण हसता हसता त्यांनी घराचंही तेच यंत्र करून टाकलं होतं. अर्धी जळलेली उदबत्ती विझवून उद्याला ठेवायची. डासांच्या कासवछाप कॉइलचे उरलेले तुकडे भाताच्या पेजेने चिकटवून नवं कासव बनवायचं. पाहुण्याने कपात सोडलेला चहा तुळशीला घालू द्यायचा नाही, का, तर तुळशीला साखर लागत नाही; तो बशीत वाळवून साखर मुंग्यांच्या वारुळाशी नेऊन ठेवायची. आत्या म्हणे, "लग्नात यांनी मला वजन करूनच आणली. तेव्हापासून रोज बघतात, भरते का तेवढीच." प्रत्येक दाराशी आतोबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'निघताना बटण बंद.' खोलीतून बाहेर पडताना तळहात आडवा करून वरून खाली असा फिरवायचा की बोर्डावरची सगळी बटणं एका झटक्यात बंद झाली पाहिजेत, हे त्यांनी मला इतक्या वेळा करायला लावलं की माझा हात ते माझ्याशिवाय करायला शिकला.

मी तलासरीच्या आतल्या एका पाड्यातला. आईवडील मजुरी करणारे, घरात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. दहावीला बरे गुण मिळाले म्हणून आत्याने मला डहाणूला ठेवून घेतलं, आणि बारावीला मी भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्हीत नापास झालो. वडील मला न्यायला आले. घोलवडला चिकूच्या वाडीत पॅकिंगचं काम होतं, तिथे बोलून आले होते. ओट्यावर बसून त्यांनी टोपी हातात फिरवत सांगितलं की, पोरात जेवढं होतं तेवढं झालं, आता उगाच तुमच्यावर भार कशाला. आतोबा माझ्याकडे बघत होते, वायूच्या नळीकडे बघावं तसे. मग म्हणाले, "हा जळलेला नाही हो. नुसता मळलाय. धुऊन परत फिरवू." वडिलांना काही कळलं नाही, पण आतोबांच्या आवाजात असं काही होतं की ते एकटेच परत गेले. पुढचं वर्षभर रोज पहाटे आतोबा माझ्याबरोबर उठले. मॅट्रिकच्या पुढचं गणित त्यांना येत नव्हतं. ते माझ्या शेजारी बसून तेच धडे स्वतः शिकले आणि मग माझ्याशी त्यावरून भांडले. आज मी तलासरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती भिंतीवर लावली आहे, आणि तिच्याकडे बघितलं की मला स्वतःपेक्षा तो ओटा आठवतो.

आतोबांचं सगळ्यात लाडकं वाक्य मात्र वेगळं होतं, आणि त्यामागे एक नळी होती. निवृत्तीच्या वेळी बरोबरच्यांनी वर्गणी काढून घड्याळ द्यायचं ठरवलं, तर हे म्हणाले, घड्याळ नको, मला बोटभर पॅलेडियमची नळी आणून द्या. पॅलेडियम हा मोठा चमत्कारिक धातू आहे. तापवला की हायड्रोजन त्याच्या भिंतीतून आरपार निघून जातो आणि बाकी सगळं, राख म्हणा, हवा म्हणा, बाहेर अडकून राहतं. गाळणीच ती, पण भोक नसलेली. फक्त तिचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. आत हायड्रोजन मुरलेला असताना ती तीनशे अंशांच्या खाली गार होऊ दिली तर ती आतल्या आत फुगते, मुरडते आणि तडकते. म्हणून बंद करताना आधी तिच्यातला सगळा हायड्रोजन काढून घ्यायचा, मग गार करायची. हल्ली त्यात चांदी मिसळतात, मग ती एवढी हट्टी राहत नाही. आतोबांची मात्र जुन्या पद्धतीची, निव्वळ पॅलेडियमची होती. "आधी आतलं काढ, मग गार कर," असं ते म्हणत, आणि ते फक्त नळीबद्दल नसे. आत्याशी भांडण झालं की ते तिला ओट्यावर बसवत, स्वतः समोर बसत आणि म्हणत, "काढ आतलं. ठेवून गार झालीस तर तडा जाईल." आत्याच्या आत इतकं असे की कधीकधी गार व्हायला सबंध दुपार जाई. पण त्या घरात अबोला मी कधी पाहिला नाही. एका दसऱ्याला आत्याने देव्हाऱ्यात चष्म्याच्या डबीत ठेवलेल्या त्या नळीला यंत्र म्हणून हळदकुंकू वाहिलं. आतोबांनी कपाळावर हात मारला, नळी स्पिरिटने धुतली, आणि मग दोघंही ओट्यावर बसली. त्या दिवशी बहुतेक आतोबांचंच आतलं निघायचं होतं.

ती नळी अठरा वर्षं त्या डबीत राहिली, कारण आतोबांना आधी तिचा सांधा जमवायचा होता. तापल्यावर आणि हायड्रोजन मुरल्यावर नळी लांबते. दोन्ही टोकं घट्ट धरली तर सांध्यावर ताण येतो आणि तिथेच गळती सुरू होते. संस्थेत त्यांनी कितीदा सांगितलं होतं की सांधा वेगळ्या तऱ्हेने करू. पण मॅट्रिकवाल्याचं म्हणणं कागदावर चढत नसे. उत्तर त्यांना सापडलं होतं इथेच, किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांत. दोरीचं एक टोक बांबूला पक्कं आणि दुसरं ढिल्या वेढ्याचं, म्हणजे ओल्या बोंबलांचा भार आला की वेढा तेवढा सैल होतो आणि दोरी तुटत नाही. तसा वेढा आतोबांनी स्टीलच्या बारीक नळीत घातला. अठरा वर्षं त्यांनी तो तांब्यात, पितळेत, स्टीलमध्ये पुन्हा पुन्हा केला आणि पुन्हा पुन्हा मोडला. त्यांना दुसरं काही नको होतं. एकदा समुद्राकडे तोंड करून म्हणाले होते, "ते यंत्र खरोखर पेटेल तेव्हा मी नसणार रे. माझा एक सांधा त्यात असावा, बस्स."

दोन वर्षांपूर्वी ते जमून यायला लागलं. एके काळी शिकाऊ म्हणून आतोबांच्या हाताखाली नळ्या कापणारा एक इंजिनियर आता त्याच संस्थेत मोठा साहेब झाला होता. आतोबांनी त्याला सांध्याचा नकाशा पाठवला, आणि साहेबाचा चक्क फोन आला. "काका, महिनाभर अखंड चालवून दाखवा. एकदाही गळला नाही तर मी स्वतः बघायला येतो आणि आमच्या चाचणीच्या यंत्रात तो बसवायचा प्रस्ताव देतो." आतोबांनी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट केली म्हणजे दाढी केली.

वाडीतल्या शेडमध्ये यंत्र उभं राहिलं. हायड्रोजन पाण्यात वीज सोडून तयार केलेला, एका फुग्यात मावेल एवढाच. राखेच्या जागी हेलियम लागतो, कारण फ्यूजनची राख म्हणजे हेलियमच. तो डहाणूत वाढदिवसाच्या फुग्यांच्या दुकानातून आणला. दुकानदाराने विचारलं, "नातवाचा वाढदिवस?" आतोबा म्हणाले, "सूर्याचा." पंपाने हा मिसळलेला वायू फिरत राहायचा, चारशे अंशांवर तापलेली नळी हायड्रोजन गाळून स्वच्छ बाजूला सोडायची, आणि तो पुन्हा मिसळून पुन्हा फेरीला. वीज गेली तर इन्व्हर्टर. दर अर्ध्या तासाने वहीत तापमान लिहायचं. त्या महिन्यात आतोबांनी समुद्र पाहिला नाही, लग्नं टाळली, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. आत्या शेडच्या दारात ताट ठेवून जायची आणि म्हणायची, "बाळंतीण तरी लवकर उठते हो."

सत्ताविसाव्या दिवशी विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा होती. आत्याचा नवस होता, तो दोघांनी मिळून फेडायचा होता, आणि आतोबा जायला तयार नव्हते. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी आलो होतो. मी म्हणालो, "आतोबा, मी बसतो ना. मी भौतिकशास्त्र शिकवतो." हे वाक्य मी कोणत्या तोऱ्यात म्हणालो ते मला अजून ऐकू येतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आहेस म्हणूनच जातो." रिक्षेत बसेपर्यंत तीनदा मागे वळून बघितलं.

सकाळभर मी जागचा हललो नाही. दर अर्ध्या तासाला चारशे, चारशे एक, चारशे. दुपारी फाटकाशी हाक आली. बोंबीलवाली बाई, आत्याने तिला आज सुके बोंबील आणायला सांगितलं होतं. मी उठलो. शेडच्या दाराशी बोर्ड होता, पंख्याचं बटण, दिव्याचं बटण आणि तिसरं नळी तापवणाऱ्या हीटरचं, कारण इन्व्हर्टरची तार तिथवरच येत होती. पंपाची तार वेगळी होती. बोर्डाच्या वर आतोबांची जुनी पाटी: 'निघताना बटण बंद.' मी बाहेर पडलो. बाईशी बोलत उभा राहिलो. ती शेडकडे बोट दाखवून विचारत होती, "भाऊंचा देव जागा आहे ना?" मी हसून म्हणालो, "अगदी जागा." तिने नातीच्या शाळेचं विचारलं, विज्ञान घ्यावं का, मी बरंच काही सांगितलं. पंचवीसेक मिनिटं गेली असतील. मग बोंबलांची पुडी घेऊन वळलो, आणि शेडमध्ये शिरताना लक्षात आलं की आत अंधार आहे.

माझा हात फिरला होता. वरून खाली, एका झटक्यात, त्यांनी शिकवला तसा.

मी बटण लावलं. काट्यावर एकशे चाळीस. पंप घुमत होता, नळीत हायड्रोजन तसाच मुरलेला होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडा हळूहळू चढत चढत चारशेवर आला, जणू काही झालंच नाही. वही उघडी होती. मी लिहिलं, चारशे. खाली पुन्हा, चारशे.

ते संध्याकाळी आले. आतोबांच्या कपाळाला गुलाल, हातात प्रसादाचा नारळ. चपला न काढता थेट शेडमध्ये. "सगळं ठीक?"

मी म्हणालो, "ठीक."

दुसऱ्या दिवशी स्वच्छ बाजूचा काटा हलला. म्हणजे हेलियम तिकडे शिरत होता, म्हणजे कुठेतरी गळत होतं. आतोबांनी यंत्र रीतसर थांबवलं. आधी आतलं काढलं, मग गार केलं. नळी सोडवून पाण्यात धरली. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यांना बुडबुडे धूसर दिसत होते, सांध्याच्या आसपास कुठूनतरी. त्यांनी सांधा पुसला, फेस लावला, पुसला. दोन दिवस. अठरा वर्षांच्या वह्या काढून बसले, कुठे चुकलं ते शोधत. मी शेजारी बसून त्यांना पानं उलटून देत होतो. जेवत होतो. आत्या विचारायची, तुझा चेहरा का उतरलाय, आणि मी म्हणायचो, आतोबांकडे बघवत नाही. ते खरं होतं, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांना फोन लावला. उभ्याने बोलले. "साहेब, येऊ नका. माझा सांधा गळला." पलीकडून काही विचारलं असावं. "नाही, नाही. दुसरं कारण नाही. सांधाच." फोन ठेवून ते ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी मला जागा करून दिली, मी बारावीला नापास झालो होतो त्या दिवशी करून दिली होती तशी.

तेव्हा मी सांगितलं. हात, बटण, बोंबील, एकशे चाळीस, वहीतले दोन चारशे. सांगताना मी त्यांच्या पायांकडे बघत होतो.  त्यांनी आत जाऊन भिंग आणलं, नळी आणली आणि माझ्या हातात दिली. "तुझे डोळे चांगले आहेत. बघ."

केसाएवढी रेघ होती, नळीच्या अंगावर, तिरकी.

"सांध्यापासून किती लांब?"

"दोन नखं."

"सांध्यात नाही?"

"नाही. सांधा धड आहे आतोबा. सांधा गळलाच नाही."

ते बराच वेळ सांध्यावरून अंगठा फिरवत राहिले. मी वाट बघत होतो की आता हात उगारतील, निदान ओरडतील. त्यांनी विचारलं, "तीन दिवस हे आत ठेवून तू जेवलास कसा रे, बाळा?"

मग मला रडू आवरलं नाही. ते म्हणाले, "पाटी माझीच होती," आणि उठून आत गेले.

मी साहेबांना फोन लावत राहिलो, आठवड्याने लागला तेव्हा सगळं सांगितलं, नाव घेऊन, माझी चूक म्हणून. साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सर, मला पटतंय. पण काकांचा फोन आल्यावर मी तसं कळवून टाकलं. दुसऱ्या सांध्याची निवड झाली. आता पुढचे काही महिने ते उघडता येणार नाही." मी आतोबांना म्हणालो, आपण नवी नळी आणू, मी आणतो, चांदीवाली आणतो, पुन्हा तीस दिवस बसू. ते म्हणाले, "नळी मिळेल रे. अठरा वर्षं कुठून आणशील?" हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. त्यांनी ते, थोरला भाऊ बंद डब्यातही निम्मा होतो हे सांगायचे तसं, नुसतं सांगितलं.

त्यानंतर आतोबा मुकाट झाले. शेडमधल्या यंत्रावर आत्याची जुनी साडी पडली. बाटली फळीवर गेली, ब्रश कडक होऊन गेला. उदबत्ती शेवटपर्यंत जळायला लागली, कासवछापाचे तुकडे केरात जायला लागले आणि आत्या, जी जन्मभर या सगळ्यावर कुरकुरली, ती ते केरातून उचलून ठेवायला लागली. मोतीबिंदू काढला, पण नव्या डोळ्यांनी बघण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. बोंबीलवाली बाई टोपली उतरवून बसायची, वाट बघायची, आणि म्हणायची, "भाऊ, काल शंभरातले चारच विकले गेले बघा." ते नुसते हसायचे. मी दर रविवारी तलासरीहून जातो. आम्ही पावसापाण्याचं बोलतो. वर्गातून निघताना माझा हात बोर्डाशी अडतो. मी एकेक बटण नाव घेऊन बंद करतो, आणि मुलं एकमेकांकडे बघून हसतात.

मागच्या महिन्यात अंगणातला नळ गळायला लागला. आत्याने खाली बादली ठेवली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पंधरा दिवस झाले. खुर्ची तिथेच आहे त्यांची. थेंब पडतो, ऐकतात, आणि बसून राहतात. तूच कर काहीतरी." पुढच्या रविवारी मी डहाणूतून वायसर आणि पाना घेऊन गेलो. आतोबा खुर्चीत होते, समुद्राकडे तोंड.  मी नळाशी उकिडवा बसलो, पाना लावला आणि जोर केला.

"अरे!" मागून आवाज आला. "आधी आतलं काढ!"

मी टाकीचा कॉक बंद करायला विसरलो होतो. आत्या दारात हातात पीठ तसंच घेऊन उभी राहिली.  मी उठून टाकीकडे गेलो, कॉक फिरवला, परत आलो आणि नळ पूर्ण उघडला. नळीत होतं नव्हतं ते पाणी बादलीत पडलं, मग धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले.

"झालं?"

"झालं, आतोबा."

"आता खोल."

मी नळ खोलला आणि झिजलेला वायसर बाहेर काढला. बसल्या जागेवरून त्यांनी हात पुढे केला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला, नखाने कड चाचपली, आणि शर्टाच्या खालच्या खिशात टाकला.